धाप

जेल रोडच्या आतल्या बोळात, मुफद्दलभाईंच्या दुकानात
मी यादी काढली, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला.
"बेटे के लिए?"
म्हटलं, नाही, माझ्यासाठी.
मग त्यांनी मला नीट पाहिलं:
गळ्यात सहकारी बँकेची ओळखपट्टी, पिशवीत मेथीची जुडी,
आणि यादीची पहिलीच ओळ:
एका कोअरचा वेग, मिळेल तितका जास्त.

ते काचेआडची ग्राफिक्स कार्डं दाखवू लागले,
तीन तीन पंख्यांची, जांभळ्या दिव्यांची,
वरातीतल्या घोडीसारखी नटलेली.
भाईजी, ही घोडी नको.
हा जुना खेळ कार्डाला काही विचारतच नाही.
सोळा कोअर घेतले तरी चौदा-पंधरा नुसते बघे;
पंगत मोठी, वाढपी एक,
बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे.
तो एक तेवढा चपळ द्या.

घरच्या कंप्युटरवर चालवून पाहिला होता.
कोपऱ्यात आकडा यायचा: त्रेचाळीस टक्के.
गाडी रस्त्यावरून नाही, गुळाच्या पाकातून चाललेली,
आणि आवाज तुटत तुटत,
उचकी लागलेल्या माणसाने पत्ता सांगावा तसा.

सत्त्याण्णव साली सपना-संगीताच्या बाजूला
टेकचंदचं पार्लर होतं.
त्यात बसायची गाडी, फाटकी सीट, क्लच नावापुरता.
दुपारी तीनला पोरं नसत.
शॉर्टहँडच्या क्लासची फी
मी पाच-पाच रुपयांनी त्या फटीत टाकली.
आईला अजून वाटतं, माझा हात मुळातच जड होता.

यादीत पहिलं नाव माझं असे, तीन अक्षरांचं.
रात्री टेकचंद मेन स्विच पाडायचा
आणि सकाळी मी कुणीच नसायची.

मुफद्दलभाई आता रंगात आले.
मेमरी सोळा बस. कूलर मात्र मोठा घ्या, बेन,
मे महिन्यात इंदूर बेचाळीसवर जातं,
चिप तापली की आपणहून पाय ओढते.
स्टीअरिंग वायरचंच; बिनवायरचं अर्धा क्षण उशिरा वळतं,
आणि अर्ध्या क्षणात भिंत येते.
(हे त्यांना कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.)
त्यांच्या पोराने वाटाण्याएवढी पेस्ट लावली,
पंखा बसवला, चार स्क्रू, एक खाली पडला, सापडला.
माझा पेन ड्राइव्ह लावला.

शंभर टक्के.
साठ फ्रेम, आवाज सलग,
दुकानातली दोन गिऱ्हाइकं मागे येऊन उभी.

आणि तिसऱ्या वळणानंतरच्या बोगद्यात
नऊ गाड्या एकदम समोर आल्या, तशी
सगळी चाकं जड झाली.
"अरे, अटक गया! दूसरा प्रोसेसर डाल दूँ?"
मी कोपऱ्यात पाहिलं. शंभरच.

नाही भाईजी, हा दोष तुमचा नाही.
ही त्या मूळ यंत्राची धाप.
टेकचंदकडेही ते इथेच दमायचं,
आणि मला वाटायचं, मला वाट द्यायला थांबतंय.
बँकेचा अख्खा बोनस ओतला, तो बहुतेक
ही धाप जशीच्या तशी लागावी म्हणून.
सहाव्या आणि सातव्या गाडीमध्ये फट असते.
हाताला आठवत होती.

"बिल किस नाम से बनाऊँ?"
पडद्यावर तीन रिकाम्या जागा,
दहापासून उलटी मोजणी. नऊ. आठ.
मेथी मान टाकून पडलेली.
भाईजी, जरा थांबा.
आधी हे.