खानेसुमारी

छप्पन्नच्या दुष्काळानंतरची ही शिरगणती.
होळी चार दिवसांवर.
माझी हद्द पाणीगेटाबाहेरची, चौऱ्याऐंशी घरं,
कंदील सरकारी, रॉकेल माझं,
आणि एक छापील सूचना:
कोणताही रकाना रिकामा सोडू नये.

दारांवर गेरूचे आकडे.
मास्तर, पट्टी तर नाही ना वाढणार?
बाया नावं सांगताना
गेल्या साली गेलेली पोरंही सांगून जात,
मग गप्प होत.
मी खोडत होतो.

घर एकोणसाठ. हैबती, पागेतला मोतद्दार.
माघात त्यानं मुलीचं लग्न लावलं,
भटाला न बोलावता, पंचांग न उघडता.
दोघांनी चारचौघांत शब्द दिला, वर तांदूळ पडले, झालं.
तेव्हापासून न्हावी येत नाही.
आयाळ कातरायच्या कात्रीनं
तो आपली दाढी आपणच कातरतो,
डावीकडे जरा जास्तच.

धर्म?
"सत्य."
अरे, यादीत नाही तसं काही.
"मग यादी अपुरी आहे."
हिंदू लिहितो, पुढे जात सांग.
"मास्तर, तुम्ही विचारताय की सांगताय?"

टाकाची शाई ठिबकली, साठाव्या घरावर.
मी लिहिलं. दोनच अक्षरं.
वरचे साहेब लाल शाईनं काट मारतील, माहीत होतं.
"वाचा बघू," तो म्हणाला.
मी वाचलं.
आतल्या अंधारात त्याची बायको
भांडी घासायची थांबली.

दांडिया बाजारात पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता.
अक्का जागी, आलवणाचा पदर कपाळापर्यंत.
तिला हैबतीची गोष्ट सांगितली,
थोडी फुशारकीनं, माझ्याच धैर्याची असल्यासारखी.
ती म्हणाली,
"आपल्या घराचा तक्ता कधी भरलास?"
सकाळीच. त्यात काय विचारायचं?
"माझ्या ओळीत काय आहे?"

हिंदू. ब्राह्मण. विधवा. वय एकतीस.
लिहिता-वाचता: नाही.

"येतं मला.
तुझ्या बाळूच्या अंकलिपीवरून,
तो झोपल्यावर.
तीन वर्षं झाली."

बाहेर पोळीत कुत्रं भुंकलं, थांबलं.
मी तक्ता तिच्यापुढे सरकवला.
तिनं टाक धरला, लाटणं धरावं तसा,
'नाही' खोडलं,
शेजारी 'होय' लिहिलं, वेलांटी चुकवली असती तर बरं,
इतकं सुबक.
'विधवा'ला हात लावला नाही.
मग धर्माच्या रकान्यावर टाक नेऊन
बसून राहिली.
टाकावरची शाई वाळली. पुन्हा बुडवला. पुन्हा वाळली.
कंदिलाची काच काळी होत गेली.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

तक्ते सकाळी सातला मांडवीखाली
जमा करायचे होते.
मी म्हटलं, सांग.