उपाशीपोटी

विट्यात, स्टँडमागच्या आमच्या लॅबमध्ये
मे महिन्यात गर्दी असते.
गलाईवाले सुट्टीला येतात,
लग्नं उरकतात, बांधलेल्या घराचा रंग बघतात
आणि जाता जाता रक्त देऊन जातात.
मी पत्ता विचारते.
कोट्टायमचा माणूस लेंगरे सांगतो,
रायपूरचा भाळवणी.

आज खुर्चीत माझाच भाऊ.
जालिंदर एकोणिसाव्या वर्षी गेला तेव्हा
आई म्हणाली, ईरोडलाही हळदच पिकती म्हणं,
म्हंजे सांगलीवानीच असंल की.
बरोबर बाजरीचं पीठ बांधून दिलं, दोन पायल्यांचं.

बाजरीचं पीठ कुणासाठी थांबत नाही.
पंधरवड्यात कडू झालं.
त्यानं तरी महिनाभर थापली भाकरी,
मुशीशेजारच्या स्टोव्हवर, तेजाबाच्या वासात.
मग खालच्या खाणावळीत भात :
पैसे एकदा, वाढणं तीनदा.
रात्री मैद्याचा परोटा,
आणि दिवसभर बैठक.
दुसऱ्याच्या सोन्याजवळून उठता येत नाही.

हात सैल सोड, मी म्हणाले.
शीर लवकर सापडेना.

दोनशे बारा.
शालनवहिनीची एकशे शहाऐंशी.
प्रीतम चौदाचा आहे, त्याला सुई टोचली नाही,
फक्त मानेवरची काळपट घडी बघून ठेवली
आणि कुणाला काही बोलले नाही.

आप्पा बाकावरून म्हणाले,
बाहेरचं अन्न. बाहेरच्या पाण्यानं वाटोळं केलं पोराचं.
मी म्हटलं, आप्पा, आलाच आहात तर तुम्हीही बसा.

दोनशे एकेचाळीस.

आप्पांनी मिरजेच्या दवाखान्यापलीकडं
जग पाहिलेलं नाही.
पण बाजरीच्या रानात आता डाळिंब आहे, ईरोडच्या पैशानं.
ठिबक आहे, गडी आहे, आप्पांना वाकायचं काम नाही.
सकाळी चहात चार टोस्ट, दुपारी पांढराफेक भात,
पाहुणा आला की बाटलीतलं गोड थंड.
घरचं जातं माळ्यावर पडून आहे.
तीस वर्षं मी समजत होते,
गेला तो एकटाच.

संध्याकाळी आईनं हुलग्याचं माडगं केलं.
गुळाचा खडा हातात घेतला, थांबली,
परत डब्यात टाकला.
लसूण ठेचला, मीठ घातलं.

प्रीतमनं वाटी हुंगली.
आत्या, हे तर कोळ्ळू.
काय?
कोळ्ळू. घरमालकीण पाटी करते की,
सर्दी झाली की रसम. आपल्याला पण डबा देते.

सगळ्यांनी शालनवहिनीकडं बघितलं.
देते, वहिनी म्हणाली,
मी कामवालीला देऊन टाकते.
हुलगा बैलाला घालायचा, आत्याबाई.
चार पैसे मिळवायला गेलेली माणसं आपण,
त्यांच्यासमोर तेच खाताना दिसायचं का?

कुणी काही बोललं नाही.
जालिंदरनं वाटी तोंडाला लावली,
ओठावर पांढुरका ओघळ तसाच राहू दिला.
आप्पांनी भात मागितला नाही,
किंवा मागायचं त्या गडबडीत राहून गेलं.

आई मात्र प्रीतमजवळ सरकली.
ती पाटी लसूण घालती का रं?
लसूण पण. आणि मिरे. खूप मिरे.

मिरे, आई म्हणाली,
आणि उठून मसाल्याचा डबा उघडून
आत बघत राहिली.