ना-देय दाखला

मी, दस्तगीर मुजावर, भांडार विभाग, रसायनशास्त्र,
सगळी रजिस्टरं उलटून लिहितो की
एकतीस वर्षांत डॉ. मगदूम मॅडमच्या नावावर
ब्यूरेट नाही, स्पिरिटचा दिवा नाही,
ॲसिडची एक बाटली नाही.
एक लोखंडी कपाट. एक खुर्ची, चाक मोडलेलं.
एक कॉम्प्युटर, नंतर दुसरा,
आणि दोघांना पुरलेला एकच स्टॅबिलायझर.

सुरुवातीला आम्ही हसायचो.
रसायनाच्या बाई, आणि हाताला वास नाही.

एकदा विचारलं, दिवसभर करता काय?
म्हणाल्या, इलेक्ट्रॉन बसवते.
प्रत्येकजण बाकीच्यांचा अंदाज घेऊन जरा सरकतो,
तो सरकला की बाकीचे सरकतात,
म्हणून तो परत.
मी म्हटलं, मिरजेच्या उरुसात सतरंजीवर बसतात तसं?
तसंच. कुणीच हलेनासं झालं, की उत्तर.
खरं?
जवळचं. आपला आकडा खऱ्याच्या वरच राहतो, मुजावर,
कितीही खाली उतरा.

जर्मनीला गेल्या, वर्षानं परत आल्या.
पुण्यानं दोनदा बोलावलं.
लेखावर नावाखाली सांगलीच छापून यायचं,
लोडशेडिंगच्या वेळा भिंतीला चिकटवलेल्या.

पुराच्या वर्षी मशीनवर हळदीचा रंग चालू होता,
एकोणीस दिवस.
एक हायड्रोजन, दोन ऑक्सिजनच्या मधे,
कुणाचा ते ठरेना.
वीज गेली. कृष्णा जिन्याच्या चौथ्या पायरीवर.
डबा मी डोक्यावरून वर नेला,
मागून त्या, वायर उचलून धरलेली,
करवलीनं शालू धरावा तशी.

पाणी उतरलं तेव्हा
माझ्या साठ बाटल्यांची लेबलं गेली होती.
स्टूल ओढून शेजारी बसल्या.
ही ज्योतीत हिरवी, तांबं असेल.
ही… थांबा, आठवू दे.
बी.एस्सी.नंतर पहिल्यांदाच, म्हणे.
तिसऱ्या दिवशी हातून एक परीक्षानळी फुटली
आणि बाई लाजल्या.

ती नोंद मी केली नव्हती.
आज जाताना त्यांनीच विचारलं, ती नळी कितीची?
चार रुपये.
पाचचं नाणं रजिस्टरवर ठेवलं
आणि जिना उतरल्या.
सुट्टे नव्हते माझ्याकडे.

सबब, येणे बाकी काही नाही.
एक रुपया वर आहे.
तो कुठल्या रकान्यात घालायचा, बघतो.