डावीकडचा आवाज

आधी वाटलं, डिकीत नारळ घरंगळतोय.
जोतिबाहून आणलेला, काढायचा राहिलेला.
डिकी उघडली. नारळ नव्हता.
छत्री, कापडी पिशवी, जॅक,
आणि सावंतवाडीचं एक लाकडी केळं,
नातवाचं. तेही कोपऱ्यात रुतून गप्प.

कावळा नाक्याच्या गतिरोधकावर पुन्हा, खट्.
सायबर चौकातल्या खड्ड्यात खट् खट्.
रेडिओ बंद करून, काच खाली करून
महिनाभर ऐकला मी तो आवाज,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसा.

शिरोलीच्या शोरूममध्ये एसी होता, कॉफी होती.
टायवाल्या मुलाने छापील कागद दिला, अजून कोमट.
फ्रंट स्ट्रट, दोन. लोअर आर्म, दोन.
लिंक रॉड, दोन. बुश, बेअरिंग, माउंटिंग.
मजुरी. मजुरीवर कर.
एकूण त्रेचाळीस हजार सहाशे बारा.

बारा कशाचे? मी विचारलं.
सदतीस वर्षं पोस्टात मनीऑर्डरी मोजल्यात,
मला मोठ्या आकड्याची भीती वाटत नाही,
त्याच्या शेपटाची वाटते.
"सिस्टीम काढते, मॅडम."
आणि आवाज डावीकडून येतो, तर दोन दोन का?
"जोडीनंच बदलतात."

जोडीनंच.
हे मी आधीही ऐकलं होतं, राजारामपुरीत.
डॉक्टर हुक्केरी एक्सरे उजेडाला धरून म्हणाले होते,
दुखतोय डावा, पण दोन्ही गुडघे एकदम केलेले बरे,
पॅकेज आहे.
तो कागद पर्समध्येच होता, चौघडी घातलेला.
हाही त्याच कप्प्यात सरकवला.
बसा म्हटलं, बोलत एकमेकांशी.

मुलगा पुण्याहून म्हणाला, जुनी झाली, काढून टाक आता.
मी काहीच बोलले नाही.
गाडी, आई. गाडीबद्दल बोलतोय मी.

उद्यमनगरात लेथचा कचकचाट,
लोखंडाचा कीस शेवेसारखा कुरळा, पायाखाली.
इलाही शिकलगारने कागद वाचलाच नाही,
त्यावर चहाचा कप ठेवला.
गाडीचं नाक दोन्ही तळव्यांनी दाबलं, सोडलं.
एकदा खाली, एकदा वर, थांबली.
"शॉकप जित्ता हाय."
मग पाठीवर सरपटत आत गेला.
बाहेर उरल्या दोन चपला आणि हुकूम,
"मावशी, बॅटरी धरा. हिकडं. अजून खाली."
मी वाकले.
कट्.
"ऐकलासा?" तो आतून ओरडला, "ह्योच त्यो आवाज!"
नाही रे बाबा, म्हटलं, तो माझा.

लेथवरची पोरं हसली. मीही हसले,
बॅटरीचा उजेड हलला म्हणून तो वैतागला.

हातभर रॉड काढून त्याने माझ्यापुढे धरला.
टोकाचं रबर पापडासारखं चुरलेलं.
"लोखंडाला काय झालं न्हाई.
मधलं मऊ गेलं, की मग हे ह्येच्यावर आपटतंय."
रॉड एक, बुश दोन, मजुरी. अठ्ठावीसशे.
आणि दुसरी बाजू?
"तिला उगं कशाला छळताय? वरीसभर निघंल."
मग फडक्याला हात पुसत, जरा हळू,
"उजव्या शॉकपला घाम सुटलाय मात्र.
दिवाळीपत्तुर पैसे बाजूला टाका. नंतर मला शिव्या नकोत."

कावळा नाक्यावर काहीच नाही.
वळून पुन्हा गेले. काहीच नाही.
तिसऱ्या फेरीला हवालदाराने शिट्टी हातात घेतली.

घरी अकरा पायऱ्या. सहाव्या पायरीवर थांबले,
दुसरा कागद उलगडला, जिन्याच्या बल्बखाली.
त्यात बारा रुपये कुठेच नव्हते.
साडेतीन लाख, गोल.
गोल आकडा तर शेपटाहून वाईट.
कुणी मोजलंच नसेल, तर तसा येतो.

उद्या फोन करून विचारते,
एकाच बाजूचे किती.