सत्तर पावलांवरचं शून्य

दुकानदार म्हणाला, शंभर यार्डांवर लावा,
सगळे तिथंच लावतात.
भाऊंच्या वहीत दोनशे लिहिलंय,
पण त्यांच्या वेळी इथं भुईमूग होता,
बांधावरून थेट नदी दिसायची.
आता केळी. दिसतं ते दोन ओळींमधलं,
तेही पानं फाटली असतील तर.

सुकीच्या कोरड्या पात्रात नुरखाँ तडवी
केळीचं रिकामं खोकं घेऊन पावलं मोजतो.
खोक्यावर कोळशाचं वर्तुळ, त्याच्याच हातचं,
वांग्यासारखं खाली फुगलेलं.

दुर्बीण नळीच्या दीड इंच वर बसते.
नजर एका जागेवरून निघते, गोळी दुसऱ्या.
गोळी खालून चढते, नजरेला ओलांडते,
थोडा वेळ तिच्या डोक्यावरून चालते,
मग थकते,
आणि लांब कुठंतरी तिला पुन्हा शिवून मातीकडे वळते.
दोनदाच भेटतात त्या.
दुसरी भेट कुठं, एवढंच माझ्या हातात.

मागच्या फाल्गुनात, रात्री तीनच्या लायटीवर,
पिलबागेत काचेत एक काळी पाठ आली होती.
बोट चापावर. श्वास अर्धा सोडलेला.
पाठ खोकली
आणि तिनं बिडी पेटवली.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

म्हणून दिवस बुडायची वाट पाहिली.
बंदूक रिकामी, बोल्ट काढून पदरात.
ओणवा हो, म्हटलं, कॉक फिरवताना होतोस तसा.
"डुकरं सोडून माझं काय बघते वं ताई?"
शंभरावर तो डुक्कर आहे.
नव्वदावर काहीही आहे.
ऐंशीवर माणूस, कुणाचाही.
सत्तरावर कानामागची बिडी दिसते.

तिथं खोकं ठेवायला लावलं,
त्याला काठावर, बाभळीच्या पार मागं.

पहिली चार बोटं खाली, डावीकडे.
टिक टिक टिक. दुसरी नुसती डावीकडे.
काडतुसं वर्षाची मोजून मिळतात,
तरी तिसरी टाकली. वांग्याच्या देठात.
पुरे.
सत्तराच्या पलीकडचं डुक्कर वाचलं तर वाचलं,
दोन-चार घड त्याचे.

"किती झालं?" तो खोकं उचलून येतो.
शून्य, म्हणते.
"एवढी पायपीट करून शून्यच का?"
आणि अंधारात, भोकाला डोळा लावून,
माझ्याकडे बघत हसतो.