तीन वाकड्या रेघा

शेठची गाडी दिल्लीहून आली, जुनीच,
मागच्या गादीवर कुणाच्या तरी मांजराचे केस,
आणि गिअरच्या पुढे एक बटण :
खुर्चीचं चित्र, तिच्या पाठीतून निघालेल्या
तीन वाकड्या रेघा.

मला वाटलं, पाठीला हवा लागत असेल.
मे महिना. लाखांदूरहून पवनीला निघालो,
शेठ पुढेच बसतात, त्यांच्या बाजूचं दाबलं.
तीन दिवे लागले, नारिंगी.
आसगाव येईस्तोवर शेठ एका कुल्ल्यावर,
मग दुसऱ्या,
मग दुपट्ट्याची घडी खाली,
मग नुसतेच वरचं हँडल धरून अधांतरी.
"ऊन काय तापलं जी यंदा," म्हणाले,
"गादीतूनबी येते."
मीही हो म्हटलं.
मे महिन्यात आमच्याकडे
तापलेल्या वस्तूला कुणी विचारत नाही
तू का तापलीस.

पावसाळ्यात पोरीनं, प्रचितीनं,
डिक्कीतलं पुस्तक काढून वाचलं.
सीट तापवायचं आहे, बाबा, ते.
आम्ही दोघं इतके हसलो
की भिंतीवरची पाल सरकली.
मग तिनं नीट सांगितलं :
पंख्याच्या उलट असतं हे.
पहिल्या दाबाला तिन्ही दिवे, पुन्हा दाबलं की दोन,
मग एक, मग बंद.
तीनवर फार वेळ ठेवायचं नाही.
ज्याच्या अंगाला चटका कळत नाही
त्याच्यासाठी लावायचंच नाही.
शेठना मी अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात मिलमधल्या पारबताबाईला
ब्रह्मपुरीला न्यायचं होतं, कमरेचा फोटो काढायला.
पहाटे साडेचार. बांध्यांवर धुकं,
धानाचे पुंजणे म्हशींसारखे बसलेले.
दुसऱ्याच्या गाडीत बसतात तशी ती बसली,
गादीच्या काठावर,
पिशवी मांडीवर, पिशवीवर दोन्ही हात.
विचारलं, चटका कळते ना बाई तुले?
म्हणाली, चुलीनं पन्नास वर्षं शिकवला.
मी तीनदा दाबलं. एक दिवा ठेवला.

नदीच्या पुलावर ती जराशी उठली,
तळहातानं गादी चाचपली
आणि हळूच म्हणाली,
"कोन उठून गेला जी अठून?"

कोणी नाही बाई, बटण आहे.
दाखवलं. तिनं रेघा पाहिल्या,
बोटानं नाही, मान वाकडी करून.
तारा आहेत आत, म्हटलं, शेगडीत असतात तशा.
हो हो, म्हणाली.
आणि दाराकडे थोडी सरकली,
अर्धी जागा मोकळी ठेवून.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वाकू नको म्हणाला.
ती त्याला हो हो म्हणाली, तसंच.

परतताना चांगलं ऊन होतं.
बटण बंद, दिवे बंद.
ती तरी दाराकडेच सरकून बसली.