अडीच वर्षं

जिंतूरच्या शाळेत, नववी ब.
फळ्यावर सनावळी मांडली,
१७७६, १८६३, थोडी जागा सोडून १८६५.
खडू ओला, आकडे धड उमटेनात.

सांगितलं, हुकूम निघाला जानेवारीत, गुलाम सुटले;
टेक्सासच्या कापसात मात्र तो वाचून दाखवला
अडीच वर्षांनी, जूनमध्ये.
मागच्या बाकावरून तहनियत उठली,
"मग मधली वेचणी कोणाच्या नावावर धरायची, सर?"

मी डस्टर उचललं, परत ठेवलं.

दारात मसाजीमामा, टोल द्यायचा विसरून,
हातोडी तशीच हातात.
"आपल्याला तेरा महिने लागले की," म्हणाले.
"तिकडं दिल्लीत झेंडा,
अन् माझी माय रझाकाराच्या भेवानं
वाशीमकडं, पावन्याच्या गोठ्यात.
तिथं कुणीतरी म्हनलं, देश सुटला.
माय म्हनली, कोन्ता?"

पोरं हसली नाहीत.
तास संपून दहा मिनिटं झाली होती,
बाहेर आठवीची मुलं डबे उघडून बसलेली,
घंटेवाचून.

मग मामा गेले. टोल पडला.
मी फळा पुसला, सन गेले.
त्या दोन सनांमधली जागा
आधीपासून कोरीच होती,
तिच्यावरूनही एकदा हात फिरवला.